पुढच्या हुकमापर्यंत

आमच्या मुलुंडच्या शाळेत पाचवीचं इंग्रजी हुकमांनी सुरू व्हायचं. शरच्चंद्र सर म्हणायचे, "स्टँड अप. गो टू द डोअर. ओपन द डोअर." पोरं उठायची, जायची, दार उघडायची. पुढचा हुकूम येईपर्यंत जागचं हलायचं नाही, हा सरांचा नियम. माझा वर्ग शेजारीच. मध्ये नुसतं लाकडी पार्टिशन, त्यामुळे सरांचं इंग्रजी माझ्याही पोरांना फुकटात ऐकायला मिळायचं.

त्र्याऐंशीच्या ऑक्टोबरात सरांनी सुगंधाला हुकूम दिला, "गो टू द ग्राउंड. स्टँड देअर." तास संपला आणि ते तिला विसरून चहाला निघून गेले. पोरगी टळटळीत उन्हात अडीच तास उभी होती. मग कोसळली, ती वाचली नाही. तिची आई जानकीबाई आमच्याच शाळेत शिपाई, नेमक्या त्या दिवशी रजेवर. चौकशीत सर म्हणाले, पोरगी आपल्या मनाने बाहेर गेली. मी पार्टिशनमागून सगळं ऐकलं होतं. तरी त्यांच्या जबानीखाली साक्षीदार म्हणून सही केली. माझी नोकरी नवी होती आणि मी भित्री होते, दुसरं काही नाही.

तेरावं उरकून जानकीबाई कामावर आल्या. त्याच दुपारी पलीकडून सरांचा आवाज आला, "स्टँड अप."

एकही बाक वाजलं नाही.

"स्टँड अप, म्हटलं ना!"

सुगंधा बसायची त्या कोपऱ्यातून एक बारीक आवाज आला. "सर, स्टँड अप."

खुर्ची सरकली.

"गो टू द डोअर. ओपन द डोअर. गो टू द ग्राउंड." आता अख्खा वर्ग एका सुरात म्हणत होता.

मी गॅलरीत धावले. सर मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले होते. हेडसरांनी हाका मारल्या. दोघांनी दंड धरून ओढलं. पाय हलेनात. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता आणि डोळे माझ्याकडे लागले होते. एक हुकूम पुरला असता. 'कम बॅक' माझ्या ओठांवर आलंही.

"बाई, गप ऱ्हवा," शेजारून जानकीबाई म्हणाल्या.

मी गप्प राहिले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. भोग म्हणावं आता! अडीच तासांनी सर कोसळले, ते उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी हजेरी घेत होते. निम्मी नावं झाली, पण 'हजर' कुणीच म्हणेना. मान वर केली तर चाळीस पोरं एकटक माझ्याकडे बघत होती.

"काय रे, काय झालं?"

"टीचर, स्टँड अप."

बघते तर मी खुर्चीतून उठून उभी होते.

"गो टू द डोअर."

मी चालू लागले. दार उघडायचा हुकूम आलाच नाही. जानकीबाईंनी ते माझ्यासाठी उघडून धरलं होतं.