हजर मुलीची रजा

ही घटना खरी आहे. शपथ घेणार नाही. शपथा घेणारे लोक मला रोज भेटतात आणि त्यांच्या बातम्या मी वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून रोज कापतो.

तारीख, वेळ, साक्षीदार, सगळं माझ्याकडे लिहिलेलं आहे. भुतांचे किस्से सांगणाऱ्यांकडे यातलं काहीच नसतं, म्हणून मी आजवर त्यांना हसत आलो.

मंगळवार. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. विद्यापीठातला वनस्पतिशास्त्राचा वर्ग. बाहेर लख्ख ऊन. कुत्री रडत नव्हती, दिवे गेले नव्हते. वर्गात तेवीस मुलं होती आणि मी होतो.

आधी त्याच्या अगोदरचं सांगतो.

माझी धाकटी बहीण तिथे एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. ऑगस्टमध्ये तिच्या अंगावर निळे डाग उठू लागले. तपासण्या झाल्या. हाडातल्या मज्जेने रक्त बनवणंच बंद केलं होतं. उपचार वर्षभराचे. तिला काचेच्या खोलीत वेगळं ठेवलं. आत एका वेळी एकच माणूस, तोही तोंडाला मास्क बांधून.

डाव्या हाताला कायमची सुई. ती डावखुरी. जेवणाचा चमचासुद्धा बाबा धरायचे.

तिला काळजी एकाच गोष्टीची.

"दादा, वर्षाची रजा मंजूर करून आण. तीन महिने बिनरजेचे गेले तर नाव कापतात. मग सगळं पहिल्यापासून."

"तू बरी हो आधी."

"बरी होऊन करू काय? पुन्हा प्रवेश परीक्षा? तू जा रे."

मी गेलो. ऑक्टोबर उजाडला होता. डॉक्टरांचं प्रमाणपत्र, अर्जाच्या तीन प्रती, सगळं घेऊन सोमवारी विद्यापीठाच्या कार्यालयात उभा राहिलो. तिथल्या हेडक्लार्कला मुलं 'शिक्का' म्हणतात. का, ते पाच मिनिटांत कळलं. त्या माणसात शिक्क्याइतकीच समज होती. कागद दिसला की आपटायचं, नाही दिसला की पडून राहायचं.

त्याने विभागाची हजेरी मागवली. बोट फिरवलं. थांबला.

"साहेब, रजा गैरहजर माणसाला असते. ही तर हजर आहे."

"ती दोन महिने हॉस्पिटलात आहे."

"असेल हो. पण इथे एकही खाडा नाही. कालपरवापर्यंत."

"प्रमाणपत्र वाचा. तारीख वाचा."

"ते डॉक्टरांचं. मला रजिस्टर बघायचं असतं." त्याने चहाचा घोट घेतला. "तुम्ही शिकलेले दिसता. समजून घ्या."

समजलं. कोणीतरी प्रॉक्सी देत होतं. मैत्रीच्या नावाखाली गाढवपणा. तो करणाऱ्याला भर वर्गात पकडायचं, एवढंच ठरवून मी मंगळवारी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो.

विभागप्रमुख बाई आल्या. रजिस्टर उघडलं. त्या हजेरी घेताना मान वर करत नाहीत. नंबर उच्चारायचा, आवाज ऐकायचा, टिक करायची. मागे अनोळखी माणूस बसलाय, याचाही त्यांना पत्ता नव्हता. अशा शिक्षणाला काय म्हणावं, ते इथे छापता येणार नाही.

"पंधरा."

"हजर."

"सोळा."

"हजर."

"सतरा."

हा माझ्या बहिणीचा नंबर. मी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहत होतो...

कुणाचेच ओठ हलले नाहीत.

"हजर, मॅडम."

आवाज तिसऱ्या बाकावरून आला. खिडकीजवळून.

तिथे कोणी नव्हतं.

आवाज माझ्या बहिणीचा होता. 'मॅडम' म्हणताना ती शेवटी किंचित खोकते. तो खोकलासुद्धा होता.

बाईंनी टिक केली. "अठरा."

तास संपल्यावर मी त्या बाकाशेजारच्या चष्मेवाल्या मुलीला गाठलं. बहिणीची जुनी मैत्रीण.

"सतराला कोण बोललं?"

"तीच."

"ती इथे नाहीये."

"माहितेय, दादा." तिने बॅग छातीशी धरली. "आधी वाटलं, कोणीतरी चेष्टा करतंय. आम्ही सगळ्यांनी एकमेकांना विचारलं. मग... विचारणं सोडलं. त्या बाकावर कुणी बसत नाही, एवढंच."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"कोणाला सांगणार? मॅडम म्हणाल्या असत्या, अभ्यास करा."

तेवीस पदवीधर. विज्ञानाचे. दोन महिने रोज हे ऐकत होते आणि बॅगा सरकवून बसत होते! मी तसं बोललो. मग प्रयोगशाळेच्या कपाटातून तिने एक वही काढून माझ्या हातात दिली.

बहिणीचीच वही. ऑगस्टनंतरची पानं भरलेली. देठांचे, मुळांचे आडवे छेद. पेन्सिलीची छटा उजवीकडून डावीकडे झुकलेली, डावखुऱ्या हाताची.

शेवटचं चित्र कालच्या तारखेचं होतं.

काल दिवसभर त्या हाताला रक्ताची बाटली लावलेली होती. कार्यालयातून परतल्यापासून मी स्वतः शेजारी होतो.

सव्वाबाराला मी पुन्हा शिक्क्यासमोर होतो. या वेळी प्रमाणपत्र बाहेर काढलं नाही. तो ते बघून खूश झाला.

"एक वाट आहे," तो म्हणाला. "हजर विद्यार्थ्यालाही रजा देता येते. पण अर्ज तसा पाहिजे. लिहा... 'सदर विद्यार्थिनी विभागात हजर असून, तिला एक वर्ष घरी राहण्याची परवानगी मिळावी.'"

"हे खोटं आहे."

"मग खरं लिहा आणि नाव कापून घ्या."

दुसऱ्यांची खोटी वाक्यं कापणं हे माझं रोजचं काम. त्या दुपारी एक स्वतः लिहिलं. खाली सही केली. मला फक्त तिथून सुटायचं होतं आणि बहिणीचं वर्ष वाचवायचं होतं. बिनडोक कोण, शिक्का की मी, हा प्रश्न तेव्हा पडला नाही.

शिक्का आपटला.

"झालं. जाऊ दे तिला घरी," तो म्हणाला.

पायऱ्या उतरत होतो, तेवढ्यात फोन वाजला. आई. ती घरी होती.

"अरे, डॉक्टरांनी सोडलं कसं तिला? आणि एकटीला पाठवलंत? काही लाजबीज आहे का तुम्हा बापलेकांना?"

"कोणाला?"

"कोणाला म्हणजे? आत्ता आली. चालत. रजा मंजूर झाली म्हणाली आणि गेली खोलीत."

आईला मी अजून काहीच सांगितलं नव्हतं.

मी बाबांना फोन लावला. ते काचेबाहेर बसले होते.

"झोपलीय," बाबा म्हणाले. "समोरच आहे माझ्या. का रे?"

घरी पोहोचलो. आई बंद दाराबाहेर दुधाचा पेला घेऊन उभी होती. आतून आवाज येत होता...

कागदावर पेन्सिल घासल्याचा.

मी दार ढकललं. आवाज थांबला. खोलीत कोणी नव्हतं. टेबलावर पेन्सिलीच्या ताज्या साली होत्या.

आईच्या हातातला पेला तसाच राहिला. त्या दिवसापासून ती त्या खोलीत केर काढायला जात नाही.

जानेवारीत बहीण घरी आली. आम्ही तिला यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. ती काठी टेकत तिच्या खोलीच्या दाराशी गेली आणि उंबऱ्यावर थांबली.

"दादा, मी हॉलमध्ये झोपत जाईन."

"का गं?"

"तिचा अभ्यास चाललाय ना."

तिने इतक्या सहज सांगितलं की मी तिची गादी हॉलमध्ये आणून टाकली.

आता ती बरी आहे. रक्ताचे आकडे चांगले आहेत. डॉक्टर म्हणतात, खुशाल कॉलेजला जा. परवा विद्यापीठाचं पत्र आलं. मी हॉलमध्ये मोठ्याने वाचलं. रजा संपली, विद्यार्थिनीने सोमवारी स्वतः विभागात हजर व्हावे.

बहीण खुर्चीवरून उठली. चेहरा फुलला होता. वर्षभर याच दिवसासाठी तिने सुया सोसल्या होत्या.

खोलीतली पेन्सिल थांबली...

आतली खुर्ची मागे सरकली.

"मी जाते ना, दादा."

बहीण माझ्यासमोर उभी होती. तिचे ओठ हलले नव्हते.

आज शनिवार. बहिणीने नवी बॅग काढून हॉलमध्ये ठेवली आहे. सोमवारची सुट्टी मी टाकली आहे. त्या दिवशी मी नेमकं काय करणार, ते मला माहीत नाही.