मोजणीदार आणि कावळा

कावळ्याने मोजणीदाराच्या कानावरची पेन्सिल उचलली, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि रस्ता माणसांनी भरलेला होता. तो तीन पायांच्या स्टँडवरच्या यंत्राला एक डोळा लावून वाकला होता. कावळा आला, हक्काच्या जागी बसावं तसा त्याच्या खांद्यावर बसला, पेन्सिल ओढली आणि... उडाला नाही. चालत आमच्या दुकानात आला.

आमचं दुकान फोटोफ्रेमचं. बाबा चौकटी जोडतात, काच कापायचं काम माझं. मी काच कापायची हिरकणी बाजूला ठेवली आणि डब्यातला पावाचा तुकडा जमिनीवर टाकला. कावळ्याने मान वाकडी करून जरा विचार केला, पेन्सिल सोडली, पाव घेतला आणि आला तसा चालत निघून गेला.

दारात तो मोजणीदार उभा होता. गुडघ्यांना धूळ, कपाळावर घाम आणि एक डोळा अजून मिटलेलाच.

"तुमचा आहे का?"

"पेन्सिल तुमची. कावळा कोणाचाच नाही," मी म्हटलं. "आणि तो डोळा आता उघडला तरी चालेल."

त्याने डोळा उघडला... आणि हसला. मला उगाचच ती पेन्सिल ओढणीला पुसावीशी वाटली.

"कसली मोजणी चाललीय?"

"रस्ता रुंद होणार आहे. कोणाची किती जागा जाते, ते बघायचं. दोन दिवसांचं काम."

बाजूला बाबांची हातोडी थांबली. क्षणभरच. मग पुन्हा ठकठक सुरू झाली.

दुकानाचा पुढचा भाग म्हणजे बाबांचं टेबल. उजेड येतो तो तेवढ्याच जागेत. हल्ली बाबांना दिव्याखाली नीट दिसत नाही, हातोडी खिळ्याऐवजी बोटावर बसते. ती जागा गेली तर मागची अंधारी खोली तेवढी उरणार होती.

दुसऱ्या दिवशी कावळा थेट यंत्रावरच येऊन बसला. यंत्र हललं. त्यातला पाण्याचा बुडबुडा पुन्हा मधोमध आणायला मोजणीदाराला अर्धा तास लागला, आणि बुडबुडा जागेवर आला तोच कावळाही परत आला. समोरच्या शिवणकामवाल्या मावशी मशीन थांबवून म्हणाल्या, "कावळा बसायला आणि फांदी तुटायला एखाद्या वेळी गाठ पडते म्हणतात. इथे रोजच पडतेय."

तिसऱ्या दिवशी मी एक गोष्ट केली. शेंगा आणल्या आणि आमच्या कट्ट्यावर, त्याच्या यंत्राच्या अगदी जवळ, पसरून ठेवल्या. काम जितकं लांबेल तितकं बरं, एवढाच विचार.

काम लांबलं. कावळा यंत्रावर असला की तो आमच्या पायरीवर येऊन बसायचा. मी पाणी द्यायचे. पाणी संपलं तरी तो पेला परत द्यायचा नाही.

"याला माझ्यात काय दिसतं, कळत नाही," एकदा तो म्हणाला.

"तुम्ही ओरडत नाही, हाकलत नाही. खांब वाटत असाल त्याला."

"आणि तुम्हाला?"

"मला काय?"

"काय वाटतो?"

"खांब असे प्रश्न विचारत नाहीत," असं म्हणून मी काचेकडे वळले. ती काच वाकडी कापली गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

हळूहळू माझं मलाच कळेना, शेंगा टाकतेय ती दुकानासाठी, की... सकाळी दहाच्या सुमाराला हातातलं काम आपोआप मंदावायचं, आणि बाबा चष्म्यावरून माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचे.

नवव्या दिवशी त्याने यंत्र मांडलंच नाही. आत आला आणि माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

"मोजणी झाली."

"कधी?"

"चौथ्या दिवशीच. पहाटे येऊन संपवली, कावळा उठायच्या आत."

"मग हे पाच दिवस?"

"नुसतंच यंत्र मांडत होतो." त्याने मान खाली घातली. "तुमची साडेतीन फूट जागा जाते. सांगायचा धीर होत नव्हता. आणि सांगितल्यावर इथे यायला काही कारण उरत नव्हतं."

मला राग आला. त्याच्यापेक्षा माझाच जास्त.

"ती रस्त्याची रेघ जरा पलीकडे सरकवता नसती आली?"

"आली असती. मग ती मावशींच्या मशीनवरून गेली असती."

समोर मावशी दोऱ्याला गाठ मारत होत्या. मी म्हटलं, "कावळ्याला शेंगा मी टाकत होते. मुद्दाम."

"माहीत आहे. यंत्रावर बसूनच फोडायचा तो. टरफलं माझ्या केसांत."

बाबा हातोडी ठेवून पुढे आले. "साडेतीन म्हणजे नक्की कुठपर्यंत?"

त्याने वाकून खडूने रेघ ओढली. ती बाबांच्या टेबलाच्या मधोमध गेली. बाबांनी ती पाहिली, मग आतल्या खोलीत जाऊन वर पाहिलं. "दोन पत्रे काढले आणि काच बसवली तर उजेड येईल. काच कापणारी घरातच आहे." मोजणीदाराकडे वळून ते म्हणाले, "तुम्ही माप घेऊन द्या. शिडी मी धरतो."

आम्ही दोघं छपरावर गेलो. फितीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्याच्या.

"सोमवारी दुसऱ्या गावी जायचंय," तो म्हणाला. "बसने चार तास."

"लांब आहे."

"हो. पण रविवारी सुट्टी असते." तो थांबला. "मी दर रविवारी आलो, तर... बाबांना काय सांगणार?"

"बाबांना काही सांगावं लागत नाही. या वयात शिडी धरायला उगाच उभे राहिलेत का ते?"

तो हसला नाही. माझ्याकडे नुसता बघत राहिला, आणि मीही नजर वळवली नाही.

खालून बाबांची हाक आली, "अरे, किती भरलं ते सांगा की."

आम्ही दोघं एकदमच फितीवर वाकलो. केसाएवढा फरक धरणाऱ्या त्या माणसाने आकडा दोनदा चुकीचा वाचला. मग फीत माझ्याकडे देत, अगदी हळू आवाजात म्हणाला,

"मला नाही जमत आज. तू वाच."