न उघडलेली पत्रिका

वाशीमच्या स्टँडवर शिरपूरच्या एस.टी.त वर्षाराणी ज्या जागेवर ऐटीत बसली, ती पवननं खिडकीतून रुमाल टाकून धरली होती.

"मॅडम, रुमालावर बसल्या तुमी."

"मंग काय, त्याले बसवू अन् मी उभी राहू?"

झालं, तिथंच गडी गारद! दिवाळीपर्यंत तो खिडकीतून दोन रुमाल टाकायला लागला. ती वाशीमात शिवणकाम शिकवायची, तो बियाण्याच्या दुकानात कामाला. गप्पा जगभरच्या, पण मुद्द्याचं बोलायची वेळ आली की पवन खाकरायचा आणि... "शेंगदाणे खाता का?"

आणि एका रविवारी त्याच्या नंबरवरून मेसेज आला. 'लग्नाला यायचंच हं! पत्रिका उघडा.' खाली फाइल.

वर्षाराणीनं मेसेज दोनदा वाचला. म्हणजे या पठ्ठ्यानं दुसरीकडेच जमवलं! डोळे भरून आले. नवरीचं नाव तरी पाहू, म्हणून बोट फाइलकडे गेलं – आणि थांबलं. शिरपुरात पत्रिका द्यायची म्हणजे पिवळे तांदूळ घेऊन दारात यायचं, चहा घ्यायचा, आग्रह करायचा. आणि हा मोबाइलवर ढकलतो? तिला असा राग आला की फाइल तशीच ठेवून ती तडक त्याच्या घरी गेली.

पवन ओट्यावर डोक्याला हात लावून बसला होता.

"लगन ठरलं तं तोंडानं सांगता नाही आलं तुले?"

"कोणाचं लगन? तू... उघडली का ते फाइल?"

"नाही. बिनतांदळाचं अवतन मले चालत नाही."

त्यानं हुश्श केलं. "मामाच्या नंबरवरून आली होती. मामाले नाही कसं म्हणू? उघडली, अन् चोर फोनात शिरला. आता माह्या नावानं साऱ्याले पाठवून राह्यला. जो उघडीन, त्याचं बँकेचं खातं साफ!"

"मंग बसला काहून? चाल, सांगू साऱ्याले."

"लोक हसतीन, वर्षा..."

"हसू दे! कोणी लुटल्या गेलं तं रडावं लागन."

त्याचा फोन बंद करून तिनं आपला त्याच्या हातात दिला. घरच्या वहीतले नंबर पाहून लांबच्यांना फोन केले, गावातल्यांच्या दारात दोघं स्वतः गेले. लोक हसले, खूप हसले. पवनचे कान लाल झाले, पण वर्षाराणीनं एक घर सोडलं नाही.

शेवटी त्याची आत्या, गोजराबाई. चष्मा लावून ती फाइल उघडायच्याच बेतात होती.

"थांबा आत्या!" वर्षाराणी दारातूनच ओरडली.

सगळं ऐकून आत्यानं फोन बाजूला ठेवला. "लगन खोटं तं खोटं. पण पोरा, खरं कोणासंग करतं?"

पवन खाकरला.

"शेंगदाण्याचं नाव काढलं तं पाहाय," वर्षाराणी पुटपुटली.

"हिच्यासंग," तो एका दमात म्हणाला. "हे हो म्हणन तं..."

तिचेही कान आता लाल झाले होते. तिनं त्याच्या खिशातून डोकावणारा रुमाल काढून घेतला आणि पायरी उतरली.

"पिवळे तांदूळ घेऊन दारात ये. तवा सांगीन."

आत्या लगेच तांदळाचा डबा काढायला आत वळली.