खंडेनवमीचा पंप

शरयूला एका कोपऱ्यानं जेरीस आणलं होतं. विश्रामबागेतल्या शेडमध्ये तिनं मुठीएवढा पंप बनवला होता, थकलेल्या हृदयाला हातभार लावणारा. पारदर्शक प्लास्टिकची वाटी, आत रबरी पडदा; नळीतून हवा आली की पडदा फुगायचा आणि रक्त पुढं ढकलायचा. रक्ताच्या जागी सध्या लाल रंगाचं पाणी. सगळं झकास, पण झडपेमागच्या कोपऱ्यात रंग नुसता बसून राहायचा. आणि रक्त बसलं की गोठलंच म्हणायचं. शहाण्णव साल निम्मं त्यातच गेलं.

हरिबा तिचा फिटर. साठीतला, दर शनिवारी पॅसेंजरनं रहिमतपूरला घरी जाणारा, खिशात सदा भडंगाची पुडी. पंपाचे एकसुरी ठोके त्याला पटतच नव्हते. एका दुपारी त्यानं डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटावर ठेवली आणि उजव्या हातानं हवेचा स्क्रू तसूतसूनं फिरवला.

"ढकलायचं, आन् मग जरा दम घिऊ द्यायचा, बाई. मानसासारखं."

कोपरा लख्ख झाला! शरयूनं तिथंच उडी मारली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता पंप तीस दिवस न थांबता चालला की शेळीवर चाचणी. मध्ये क्षणभर थांबला तरी पुन्हा पहिला दिवस.

एकोणतिसावा दिवस नेमका खंडेनवमीचा निघाला. त्या दिवशी यंत्रं बंद ठेवायची, पुसायची, हळदकुंकू लावायचं. यंत्र बी दमतंय, असं हरिबाचं म्हणणं. यंदा पंपाला नुसती माळ घाला, असं शरयूनं त्याला दहादा बजावलं. तो बरं म्हणाला. त्यानं झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, आणि तीस वर्षांच्या सवयीनं जाऊन मेन स्विच खाली ओढला.

शरयू पंपाकडं धावली. पंखे थांबले. कॉम्प्रेसर गप्प झाला. हवेच्या मीटरचा काटा शून्यावर आला.

पंप चालूच होता.

लाल पाणी झुळझुळ फिरत होतं. तिनं घड्याळ लावून ठोके मोजले. मिनिटाला बहात्तर, एकही चुकला नाही. एकोणतीस दिवस वाचले! आनंदाच्या भरात तिनं हरिबाचे दोन्ही हात धरले.

तो खोबरं चघळत हसत होता. "लय चुकलं बगा माजं. पर गडी थांबला न्हाई."

तिची बोटं त्याच्या मनगटावर होती.

तिनं ती जरा सरकवली. मग दुसरं मनगट.

हात उबदार होते. ठोका लागत नव्हता.

"काय बगताय?"

"काही नाही, मामा."

तीस दिवस पुरे झाले. पंप काढून शेळीला बसवायचा होता. शरयूनं मात्र त्याला हात लावला नाही, त्याच मापाचा दुसरा केला. शेळी दोन महिने मजेत कडबा खात राहिली. शेडभर पेढे वाटले गेले आणि हरिबा हलगीवर सगळ्यांत जास्त नाचला, दम न लागता.

याला तीन वर्षं झाली. पहिला पंप शेडच्या कपाटात आहे. हवेची नळी कधीच काढलेली. किल्ली शरयूच्या गळ्यात असते. शनिवारी गाडीला निघताना हरिबा कपाटाचं कुलूप एकदा ओढून बघतो आणि खुशीत शीळ घालत जातो. आत पंपावर त्या वर्षीची माळ अजून आहे. फुलं वाळून गेलीत, आणि हलतायत.