समासातले अकरा का

तिसऱ्या वर्षाला गणितातलं विश्लेषण शिकवणारे सर गृहपाठ स्वतः तपासत नसत. कागद गोळा करायचे, पत्त्यांसारखे पिसायचे आणि वाटून टाकायचे. ज्याच्या हाती जो कागद येईल, त्यानं तो पेन्सिलीनं तपासायचा. माझा कागद परत आला तेव्हा समासात अकरा वेळा "का?" लिहिलं होतं.

"हे कुणी केलंय?" मी वर्गात विचारलं.

"मी." खिडकीपाशी एक मुलगी पेन्सिलीला टोक काढत होती. "जास्त झाले?"

"तिथे मी 'हे उघड आहे' असं लिहिलंय."

"म्हणूनच विचारलं. तुला येत नाही तिथे तू उघड आहे लिहितोस... हो ना?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. तिच्या नाकाला शिसं लागलं होतं, तेही मी सांगितलं नाही.

वर्षाअखेर प्रत्येकाला फळ्यावर एक प्रमेय सिद्ध करायचं होतं. वर्गातल्या कुणीही "का?" विचारावं, पण एकूण तीनदाच. तिन्ही 'का' अनुत्तरित राहिले की नापास. वडिलांनी आधीच सांगितलं होतं, "नापास झालास तर दुकानातलं दुसरं मशीन रिकामंच आहे." ते शिंपी होते. मला गणित सोडायचं नव्हतं.

ती दुपारी दुकानात येऊन शिकवू लागली. एका 'का'चं उत्तर मला जमलं की ती माझ्या कागदावरचा तो 'का' खोडायची.

"पोरी, दमानं घे," वडील म्हणायचे. "हा कापडसुद्धा दहादा सांगितल्याशिवाय सरळ कापत नाही."

"काका, मला वेळ आहे," ती म्हणायची. आणि माझ्याकडे बघायची नाही.

माझं प्रमेय डेल्टाचं होतं. डेल्टा म्हणजे बिंदूच्या किती जवळ राहायचं ते अंतर. प्रत्येक बिंदूला वेगळा डेल्टा मिळतो हे ठाऊक होतं. सगळ्यांना पुरेल असा एकच मिळतो, हे दाखवायचं होतं. मी दर वेळी कुठल्यातरी एकाच बिंदूचा डेल्टा उचलून सगळीकडे लावायचो.

वडील मशीनवरून मान न उचलता म्हणाले, "वळणावर टाका बारीक लागतो. तोच बारीक टाका सगळीकडे घाल, कुठेच उसवणार नाही."

"पण काका, वळणं संपलीच नाहीत, टाका बारीक होत होत शून्य झाला तर?"

"मग सुई जागच्या जागी नाचेल."

आम्ही तिघंही हसलो.

"फळ्यावर तू तरी मला 'का' विचारू नकोस," मी निघताना म्हणालो.

"विचारणार. न विचारता पास झालेला मुलगा माझ्या काय कामाचा?"

परीक्षेत दोन 'का' मला अडले. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याला सगळे पैलवान म्हणायचे, हात वर करतच होता, तेवढ्यात ती उठली.

"हा डेल्टा कुठल्या बिंदूचा?"

मी तिच्याकडे पाहिलं. मग टाक्याचं सांगितलं. वर्ग हसला. पुढे म्हणालो, "अंतराल बंद आहे, म्हणजे दोन्ही टोकं धरून आहे, म्हणून मोजक्याच बिंदूंचे डेल्टा पुरतात. मोजक्यांतला सर्वांत लहान शून्य होत नाही. त्याचा अर्धा घेतला की सगळीकडे चालतो."

सर म्हणाले, "बसा. पास."

बाहेर जिन्यात मी तिला गाठलं. "अगं, तिसराही चुकला असता तर?"

"तुला नक्की येईल असा तो एकच 'का' होता. पैलवानाच्या आधी विचारायला हवा होता ना..."

"तू मला आवडतेस," मी बोलून गेलो.

"का?"

मी म्हणालो, "उघड आहे..."

ती लाल झाली, पेन्सिल पिशवीत टाकली आणि पहिल्यांदाच पुढे काही विचारलं नाही.

लग्नानंतर आई तिच्यावर रागवायची, "नवऱ्याला अरे-तुरे काय करतेस?" ती म्हणायची, "सासूबाई, नवरा नंतर झाला. आधी माझा विद्यार्थी होता." अडतीस वर्षं ती मला 'का' विचारत राहिली. गेल्या हिवाळ्यात ती गेली.

तो कागद माझ्याकडे आहे. दहा 'का' खोडलेले आहेत, अकरावा नाही. एकदा तिला म्हटलं होतं, "हा राहिलाय की गं." तर म्हणाली, "राहू दे. मी नसताना करशील काय?"

आता रोज सकाळी चहा झाला की वडिलांच्या कापायच्या टेबलावर तो कागद घेऊन बसतो. थोडं थोडं येतंय. उत्तर मिळालं तरी खोडणार नाही.