कळलावीचं बी

बत्तीस वर्षं बाळंतपणं करून शेवंती नर्स निवृत्त झाली, तेव्हा तिला फक्त गप्प बसायचं होतं. लग्न केलं नव्हतं. कोरगावात भावाच्या, गुरुदासच्या घरी राहायची. बाई अडली की पूर्वी तिच्या तळव्यांना कळलावीचा कंद उगाळून लावत. कंदासाठी खणून खणून ती वेल डोंगरावरून जवळजवळ नाहीशीच झाली होती. एका कुंपणावर शेंग मिळाली. लालभडक पाच बिया. शेवंतीने त्या रात्रभर भिजवल्या आणि बलकांवात, दारापुढच्या पडवीत, पाच पिशव्यांत पेरल्या. उगवायला दीड-दोन महिने लागतात, हे तिला ठाऊक होतं.

पहिली नवव्या दिवशी उगवली. त्याच दुपारी शेवंतीच्या कमरेतून कळ निघाली, ओटीपोटाशी आली, थांबली. दुसरा कोंब आला त्या दिवशीही तेच. म्हापशाला जाऊन सोनोग्राफी केली. काहीच निघालं नाही.

"वय झाला गो तुझा," गुरुदास म्हणाला.

तिसऱ्या खेपेला तिने सवयीने घड्याळ लावलं. दहा मिनिटं. सहा. तीन. तळहात पोटावर ठेवला, तर ते दगडासारखं घट्ट होऊन पुन्हा सैल पडत होतं. असं पोट तिने हजारदा चाचपलं होतं. एकसष्टाव्या वर्षी स्वतःचं चाचपताना तिला भीतीपेक्षा थकवाच जास्त आला.

"उरलेल्यो दोन पिशयो काजींत नेऊन ओत," ती भावाला म्हणाली.

"कित्याक?"

"विचारू नको."

त्याने त्या घरामागच्या चढणीवर, काजूच्या बागेत नेऊन ओतल्या. चार दिवसांनी शेवंतीला कळा आल्या, आणि संध्याकाळी गुरुदास काजींतला कोंब बघून परत आला.

पाचवी अडली.

गुरुवारी सुरू झालेल्या कळा शनिवारी सकाळीही थांबेनात. शेवंतीचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

"गाडी आणतंय. हॉस्पिटलात जाऊया."

"डॉक्टर काय करतलो? त्या कोंबाक वाट गावत नाय." ती भिंत धरून उठली. "माका वर काजींत ने."

भावाच्या खांद्याला धरून ती चढण चढली. गुडघे टेकून तिने बोटांनी माती सारली. चिऱ्याच्या एका तुकड्याखाली कोंब आडवा पडला होता, पांढरा, दुमडलेला. तिने चिरा अलगद उचलला. कोंबाखाली बोट घालून त्याला हळूहळू सरळ केलं.

कळ थांबली.

कोंब मान टाकून होता. न रडणाऱ्या पोराची पाठ चोळावी तसा तिने तो एका बोटाने चोळला. किती वेळ, कोण जाणे.

मग त्याचं टोक हललं आणि तिच्या बोटाला वेटोळं घालून बसलं.

"पाणी सांडला काय गो?" मागून गुरुदास म्हणाला. "पोलका भिजला तुझा."

पाणी त्यांनी आणलंच नव्हतं.

शेवंतीने मान खाली घातली. छातीवर दोन ओले डाग पसरत होते. वास कोमट, गोडसर, तिच्या चांगल्या ओळखीचा.

एक पांढरा थेंब मातीत पडला. बोटावरची पकड घट्ट झाली.