निळ्या कढईतली उडी

पिरिनच्या डोंगरात त्या दिवशी तीन माणसं चढत होती ती फक्त एका उडीसाठी! सोमवारपर्यंत ती चित्रित करून पाठवायची होती. परीक्षकांना पसंत पडली तर इस्क्राला राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिरात जागा मिळणार होती. शिबिराला वयाची अट पंचविसाची, आणि इस्क्राला एप्रिलमध्ये सव्विसावं लागणार होतं. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

उडीही साधीसुधी नव्हती. बर्फाच्या रॅम्पवरून स्नोबोर्डसकट हवेत जायचं, मागच्या मागे उलटी कोलांटी घ्यायची आणि पुन्हा बोर्डवरच उतरायचं. तीन हिवाळे ल्युबेन तिला हे शिकवत होता. हा राझलोग गावातला चौतीस वर्षांचा सुतार. थंडी पडली की रंधा कोपऱ्यात आणि बोर्ड पायात. त्याने तिला आधी गवताच्या गंजीवर कोलांट्या मारायला लावल्या, मग तळ्यात, मग बर्फावर. बर्फावर ती इतक्या वेळा पाठीवर आपटली होती, की ल्युबेनचं नाव काढलं तरी तिची आई भांडी आदळायला लागायची.

तिसरा पेन्चो. कॅमेरा त्याचा आणि तोंडाचा पट्टाही त्याचाच.

सकाळी सात वाजता तिघं झाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या डोंगरघरात चहा पीत बसले होते. ते चालवणारे स्तामेन काका तीस वर्षं बचाव पथकात होते. आता गुडघे गेले होते, पण शिस्त गेली नव्हती. बाहेर पडणाऱ्याने दाराजवळच्या वहीत नाव, कुठे चाललो आणि परत कधी, हे लिहायचंच. त्याशिवाय काका दाराची कडी काढत नसत.

शेजारच्या टेबलावर राजधानी सोफियाहून आलेली चार पोरं बोर्डांना मेण घासत होती. हात मेणावर आणि डोळे यांच्यावर! मागच्याच वर्षी ल्युबेनने एक सुरेख उतार हुडकला होता आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर याच चौघांनी तो नांगरून ठेवलेला.

ल्युबेन इस्क्राच्या कानाशी लागला. "करडी लिही."

इस्क्राने लिहिलं : ल्युबेन, पेन्चो, इस्क्रा. करडी कढई. चारच्या आत परत.

तिला त्यात काही वाटलं नाही. कढईसारख्या खोलगट दऱ्या त्या डोंगरात अनेक आहेत, आणि आपली कढई कोणती हे कुणीच खरं लिहीत नसे. अळंबीची जागा जशी माणूस शेजाऱ्याला सांगत नाही, तसंच हे. वहीत खोटं लिहिणं हा तिथल्या बोर्डवाल्यांचा रिवाजच होता म्हणा ना.

काकांनी चष्मा चढवून ओळ वाचली. "करडीत? काल तिथल्या उजव्या उतारावरचा बर्फ सुटून खाली आलाय. कडेकडेने जा. आणि चार म्हणजे चार! घेवड्याचं सूप ठेवतोय."

"हो काका," इस्क्रा म्हणाली. तिने मान वर केली नाही.

"पेन्च्या, तू मात्र पाच वाजता आलास तरी चालेल," काका म्हणाले. "तेवढंच सूप वाचेल."

"काका, मी मेलो तर रडाल माझ्या भुकेसाठी!"

"मर मग. बघू."

सगळे हसले. सोफियावालेही हसले.

करडीची वाट धरून ते अर्धा तास चालले. त्यांचे बोर्ड उभे दुभंगून दोन पट्ट्या होणारे. तळाला केसाळ पट्टे चिकटवले की चढावर मागे घसरत नाहीत. मोठ्या दगडापाशी ल्युबेन डावीकडे वळला. पेन्चोने सूचिपर्णीची एक फांदी तोडली आणि वळणापासून पन्नास पावलांपर्यंतच्या खुणा झाडल्यासारख्या पुसून टाकल्या.

"माझ्या बायकोने बघितलं तर म्हणेल, घरी नाही कधी झाडू धरला," तो म्हणाला.

निळी कढई ल्युबेनला उन्हाळ्यात सापडली होती, ब्लूबेरी वेचताना. बाकीचे लोक डब्यात फळं भरत होते आणि हा उताराकडे बघत उभा. खाली गुळगुळीत गवत, दगड नावाला नाहीत, मध्ये एक नैसर्गिक पायरी, आणि पायरीखाली पुन्हा छान तीव्र उतार. देवाने जणू उडीसाठीच केलेला! तो सहा महिने मनातल्या मनात तिथे उड्या मारत होता.

साडेदहाला ते पोचले. वारा पश्चिमेचा होता आणि डोंगराच्या धारेवरून बर्फाची भुकटी कढईत ओतत होता. ल्युबेनने पायरीखालच्या उतारात छातीएवढा खड्डा खणला, थर बघितले, फावड्याने ठोकून पाहिलं. "घट्ट आहे. इथे उतरायला हरकत नाही." वरचा उतार मात्र कुणी तपासला नाही. उडी मारणाऱ्याचं लक्ष असतं ते उतरायच्या जागेवर. हाडं मोडतात ती तिथेच. वरून तर नुसतं सरळ घसरत यायचं, त्यात काय तपासायचं?

दोन तास त्यांनी रॅम्प रचला, ठोकला, गुळगुळीत केला. साडेबाराला इस्क्रा वर उभी राहिली. पेन्चो बाजूच्या खडकावर कॅमेरा रोखून बसला, आणि ल्युबेन रॅम्पच्या कडेला उभा राहिला, हाक द्यायला.

"ये!"

ती सुटली. वारा कानात घोंघावला. रॅम्प आला. गुडघे!

"आत्ता!" ल्युबेन ओरडला.

आकाश पायाखाली गेलं. मग डोंगर डोक्यावर आला. मग बर्फ समोर! ती उतरली. दोन्ही पायांवर, बोर्ड सपाट, एकही हात न टेकवता! ती तशीच घसरत कढईच्या तळाशी गेली आणि वेड्यासारखी ओरडत राहिली. इतका निर्भेळ आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता.

"मिळालं!" पेन्चो खडकावर नाचत होता. "सगळं मिळालं!"

"आता गुरू कसा मारतो तेही बघून घे!" ल्युबेनने वरून हात हलवला. तिच्यापेक्षा जास्त वेग हवा म्हणून तो तिच्यापेक्षा वर चढला. पार धारेखाली, जिथे वाऱ्याने सकाळभर भुकटी रचली होती.

आधी आवाज आला. मोठ्या जनावराने उसासा सोडावा तसा. मग उतारावर एक रेघ उमटली. ल्युबेनच्या वर! रेघेखालचा सगळा उतार हलला.

"दादा, बाजूला! बाजूला हो!" इस्क्रा खालून ओरडली.

तो दोन हात गेला असेल नसेल. बर्फाच्या लाद्या उलथल्या, रॅम्प नाहीसा झाला, ल्युबेनही नाहीसा झाला. गडगडाट पलीकडच्या डोंगरांवर आपटून परत आला. इस्क्रा जिवाच्या आकांताने कडेला सरकली. पांढरा धुरळा तिच्या अंगावरून गेला.

मग काहीच नाही.

"शोधयंत्र!" पेन्चो धडपडत खाली येत ओरडला. तिघांच्याही छातीवर ते बांधलेलं होतं. इस्क्राने आपलं यंत्र काढलं. गाडल्या गेलेल्याच्या यंत्राचं अंतर त्यावर मीटरमध्ये उमटायचं. आकडा चाळीस. तीस. अठरा. चार. दोन. पेन्चोने लांब काठी बर्फात खुपसली. नाही. पुन्हा. नाही. पुन्हा. मऊ लागलं!

त्यांनी खणलं. बर्फ सिमेंटसारखा बसला होता. बाराव्या मिनिटाला निळं पडलेलं तोंड दिसलं. इस्क्राने त्याच्या तोंडातला बर्फ बोटांनी उकरून काढला. ल्युबेन खोकला.

जिवंत होता! पण उजवा पाय बाहेर काढला तेव्हा पेन्चोची बडबड पहिल्यांदा थांबली. बूट उलट्या दिशेला वळला होता आणि गुडघ्याखालची विजार रक्ताने भिजली होती.

"फोन लागत नाही," पेन्चो म्हणाला. "ए, पण काकांनी आवाज ऐकला असेल. एवढा मोठा आवाज! ते नक्की माणसं पाठवतील."

इस्क्रा त्याच्याकडे वळली.

"कुठे पाठवतील, पेन्चो?"

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. वहीत करडी होती. खुणा त्याने स्वतःच्या हाताने पुसल्या होत्या.

आल्या वाटेने डोंगरघर अडीच तास लांब. वर धार मात्र पाऊण तासावर होती, आणि सुटून गेलेला उतार आता पुन्हा सुटणार नव्हता. धारेवर कदाचित फोन लागला असता. पेन्चोने रक्त थांबवायला पट्टा आवळला, ल्युबेनला सगळ्यांची जास्तीची जाकिटं गुंडाळली आणि त्याच्या पाठीशी आपलं पोट लावून बसला.

"जा तू. मी याला माझ्या सासूच्या गोष्टी सांगतो. झोप यायचीच नाही त्याला."

ल्युबेनने डोळे उघडले. "इस्क्रे... घाई करू नकोस वर. बघून पाऊल टाक."

ती चढली. मांड्यांत पेटके येत होते, श्वास पुरत नव्हता. थांबली की ती उलटा वळलेला बूट डोळ्यांपुढे यायचा, मग ती पुन्हा चढायची. धारेवर पोचली तेव्हा वाऱ्याने तिला गुडघ्यांवर बसवलं. फोन काढला. एकही रेघ नाही.

मग तिने धारेपलीकडे पाहिलं.

खाली करडी कढई होती. तिच्या तळाशी, काल सुटलेल्या बर्फाच्या ढिगावर, लाल जाकिटांची रांग होती. वीस-पंचवीस माणसं! खांद्याला खांदा लावून, एक पाऊल पुढे, काठी खाली, काठी वर, एक पाऊल पुढे. बचाव पथकाची ती माणसं वहीतल्या जागी त्यांनाच शोधत होती.

"इथे! वर बघा! अहो इथे!"

वारा समोरून होता. शब्द तोंडातच परत येत होते. तिने शिट्टी फुंकली. एकही मान वर झाली नाही. बर्फात काठी खुपसणारा माणूस वर कशाला बघेल?

बोर्डवरून सरळ खाली गेली असती तर चार मिनिटं! तिने बोर्ड जोडला, बूट अडकवले, पुढचं टोक कडेपलीकडे ढकललं. पायाखाली 'खच्च' झालं. बोर्डाच्या टोकापासून एक बारीक चीर निघाली आणि तिच्या डोळ्यांसमोर दहा पावलं पळत गेली.

ती दगड झाली. हाही उतार भरलेला होता आणि त्याच्या बरोबर खाली ती पंचवीस माणसं होती. तिने लिहिलेल्या ओळीवर विश्वास ठेवून आलेली! ती सुटली तर सगळं त्यांच्या अंगावर सुटणार होतं. इकडे ल्युबेनचं एकेक मिनिट चाललं होतं. तिला वाटलं, सुटावं. कडेने, हलक्याने, कदाचित काही होणार नाही. ते 'कदाचित' तिच्या पायांत आलं होतं. तिने डोळे मिटले, श्वास घेतला आणि इंचाइंचाने मागे सरकली.

बोर्ड तिथेच टाकून ती डावीकडच्या खडकाच्या सोंडेवरून उतरायला लागली. बर्फाळ दगड, हाताला धरायला काही नाही. दोनदा घसरली. दुसऱ्यांदा मनगटावर पडली आणि हाताने काम सोडलं. एका हाताने उतरत राहिली. रडत होती, शिव्या घालत होती, स्वतःलाच. पाऊण तास म्हणता म्हणता सव्वा तास गेला.

रांगेतल्या एका बाईने तिला आधी पाहिलं आणि किंचाळली. सगळे वळले.

स्तामेन काका ढिगावर गुडघे टेकून बसले होते. हातमोजे भिजून निकामी झाले म्हणून फेकून दिले होते आणि ते उघड्या हातांनी उकरत होते. दीड तास. बोटं पांढरी पडली होती. इस्क्राला बघून ते लटपटत उठले, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"पोरी! जिवंत आहेस! देवा... कुठून निघालीस? ते दोघं कुठे आहेत? इथे? नेमकं दाखव, कुठे खणू?"

"काका," ती म्हणाली.

"दाखव ना! वेळ नाही!"

"काका, आम्ही इथे आलोच नव्हतो."

काकांचे हात तिच्या गालांवर तसेच राहिले. रांगेतल्या काठ्या थांबल्या. कुणी तिला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मग काकांनी विचारलं, "कुठे?" तिने सांगितलं. ते वळले आणि ओरडले, "निळी! वळसा घालून! स्लेज पुढे काढा!"

ल्युबेनपाशी स्लेज पोचली तेव्हा सहा वाजत आले होते. पेन्चोचा आवाज बसला होता, तरी तो बोलतच होता. ल्युबेन जगला. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला. "दोन तास आधी आणला असता तर प्रयत्न करता आला असता," ते म्हणाले. हे त्यांनी साध्या आवाजात सांगितलं. इस्क्रा भिंतीला धरून उभी होती.

सोमवार उलटून गेला. उडी तिने पाठवली नाही.

मार्चच्या शेवटी इस्क्रा आणि पेन्चो दवाखान्यात गेले, तेव्हा ल्युबेन उशीला टेकून बसला होता. त्यानेच विषय काढला.

"उडी दाखव रे, पेन्चो."

"नको दादा," इस्क्रा म्हणाली.

"तीन वर्षं घसा कोरडा केलाय मी. दाखव."

पेन्चोने फोन धरला. तिघांची डोकी त्यावर वाकली. बारीकशी इस्क्रा वरून येत होती, रॅम्पवर चढत होती, हवेत उलटी होत होती. पुढे दोन्ही पायांवर उतरली, सपाट.

"गुडघे वाकवलेस," ल्युबेन म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "शेवटी एकदाचे वाकवलेस! परत लाव."

पेन्चोने परत लावलं.

"थांबव. तिथेच."

चित्र थांबलं. इस्क्रा आकाशात उलटी होती. खाली रॅम्पच्या कडेला ल्युबेन उभा होता, तोंड उघडं, हात वर, आणि हाक देण्याच्या भरात टाचा उचलून दोन्ही पायांच्या चवड्यांवर उभा.

तो बराच वेळ बघत राहिला. उडीकडे नाही.

"आता पुसून टाक," तो म्हणाला.